कितीपैकी किती? आरोग्याच्या बातम्या देणाऱ्यांना खुले पत्र

सर्व संपादक आणि आरोग्याच्या बातम्या लिहिणारे बातमीदार यांस,

सस्नेह नमस्कार. वि. वि.

गेल्या महिन्यात मी एका वृत्तपत्राला पत्र पाठवलं होतं. त्यांच्या पहिल्या पानावर बातमी होती की, एका नव्या गोळीमुळे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका निम्म्यावर येतो. मी एवढंच विचारलं होतं की निम्म्यावर म्हणजे कितीवरून कितीवर? शंभरातल्या वीस जणांना झटका येणार होता तिथे दहा जणांना आला, की हजारातल्या दोघांना येणार होता तिथे एकाला आला? दोन्हीकडे धोका निम्माच झाला, पण रोज एक गोळी जन्मभर घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसासाठी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. बातमी संशोधन संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकाबरहुकूम दिलेली आहे, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.

ते उत्तर वाचून गप्प बसवेना. त्या वृत्तपत्राचं नाव मी घेत नाही, कारण उद्या हेच उत्तर मला दुसरीकडूनही येईल. पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. आणि तुमच्या बातम्या वाचून औषधं सुरू करणाऱ्या, औषधं बंद करणाऱ्या माणसांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी परिचारिका आहे. २१ वर्षं झाली, त्यातली बरीचशी हृदयरोगाच्या वॉर्डात गेली आणि आता बाह्यरुग्ण विभागात लोकांना औषधं समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. शिकताना पहिल्याच वर्षी आमच्याकडून एक गोष्ट घोटून घेतात. औषधांचा ट्रे घेऊन रुग्णाजवळ गेलं की पाच गोष्टी बघायच्या. माणूस तोच ना, औषध तेच ना, मात्रा बरोबर ना, द्यायचा मार्ग बरोबर ना, वेळ बरोबर ना. पहाटेचे तीन वाजलेले असोत, पाय दुखत असोत, मनगटावरची पट्टी वाचल्याशिवाय गोळी कुणाच्या हातावर ठेवायची नाही. एका माणसाला एक गोळी द्यायची तर एवढं. तुमची एक बातमी एका सकाळी लाखो घरांत जाते आणि ती वाचून कोण काय करतं हे तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं. ती माणसं दुसऱ्या दिवशी कात्रण किंवा फोन घेऊन माझ्यासमोर बसलेली असतात आणि विचारतात, "सिस्टर, हे खरं का?"

या पत्रातली चीड कुठून आली तेही सांगते. माझ्या थोरल्या बहिणीला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. ताई शिक्षिका होती. केमोथेरपीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, तिसरीची तारीख ठरली होती. एका संध्याकाळी तिच्या फाइलमध्ये रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत असताना प्लास्टिकच्या कप्प्यात चार घड्या घातलेलं एक कात्रण सापडलं. कडा अगदी सरळ कापलेल्या, तिच्या सवयीप्रमाणे. मथळा होता की स्वादुपिंडाच्या कर्करोगावर रामबाण औषध सापडलं. आत 'लवकरच' या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. तळाशी बारीक अक्षरात 'उर्वरित पान ७ वर' असं छापलेलं. पान ७ तिनं कापलंच नव्हतं. मी रद्दीतून तो अंक शोधून काढला. सातव्या पानावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, की हे प्रयोग उंदरांवर झालेले असून माणसांवरच्या चाचण्या अद्याप सुरू झालेल्या नाहीत.

तोवर ताईनं डॉक्टरांना सांगून टाकलं होतं की पुढची फेरी थोडी लांबवू या, नवीन औषध येईपर्यंत अंगात ताकद राहू दे. तीन आठवडे गेले. मग तिच्या पलंगावर बसून मीच तिला त्या उंदरांचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग पहिल्या पानावर का छापलं गं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात महिन्यांनी ताई गेली. त्या तीन आठवड्यांमुळे ती गेली असं मी म्हणत नाही. हा कर्करोग फार वाईट असतो, आणि एका माणसाच्या अनुभवावरून कारण ठरवायचं नसतं हेच तर मला तुम्हाला सांगायचं आहे. माझी तक्रार त्या संध्याकाळबद्दल आहे. तिला तुम्ही दिलेली आशा मला माझ्या हातानं काढून घ्यावी लागली.

म्हणून पहिली तक्रार हीच. काचेच्या तबकडीतल्या पेशींवर झालेला प्रयोग, उंदरांवरचा प्रयोग, वीस माणसांवरची प्राथमिक चाचणी आणि हजारो माणसांवरची मोठी चाचणी यांना तुम्ही एकाच आकाराचा मथळा देता. प्राण्यांमध्ये गुणकारी ठरलेली बहुतेक औषधं माणसांपर्यंत पोहोचतच नाहीत, हे तुमच्या कुठल्याही अनुभवी बातमीदाराला ठाऊक असतं. 'उंदरांवर' हा एक शब्द आहे. मथळ्यात त्याला जागा असते.

दुसरी तक्रार टक्केवारीची, आणि ती मला सविस्तर मांडायची आहे, कारण सर्वांत जास्त माणसं इथेच फसतात.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की, काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. 'दुप्पट' हा शब्द सगळीकडे गेला. मूळ आकडे असे होते: जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांमध्ये साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांमध्ये दोघींना. म्हणजे ७,००० मध्ये एक जादा. असंख्य बायकांनी घाबरून गोळ्या मध्येच सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळ्या होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. ज्या संकटाला भिऊन गोळी सोडली, गोळी सोडल्यामुळे त्याच संकटाच्या आणखी जवळ गेल्या बिचाऱ्या. बातमीत खोटं काहीच नव्हतं. धोका खरोखरच दुप्पट होता. फक्त 'कितीपैकी' हे लिहायचं राहिलं होतं.

२००२ मध्ये पुन्हा तेच झालं. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचारांची एक मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, अशी बातमी जगभर पसरली. वर्षाला १०,००० बायकांमध्ये ३० ऐवजी ३८ जणींना कर्करोग, असा त्याचा अर्थ होता. आठ बायका म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, त्या आठांतली एक आपली असू शकते. पण चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि घाबरून उपचार सोडणाऱ्यांत पन्नाशीच्या, रात्र रात्र घामानं भिजून जागणाऱ्या कितीतरी जणी होत्या. त्यांना आठचा आकडा आणि ६३ चं वय या दोन गोष्टी कळल्या असत्या, तर डॉक्टरांशी बसून शांतपणे निर्णय घेता आला असता. काहींनी तरीही उपचार सोडले असते. पण तो त्यांचा निर्णय झाला असता.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, तेव्हा ते सिगारेटइतकंच घातक आहे असे मथळे झळकले. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका केवढा आहे हे सांगतच नाही. त्याच वेळी संघटनेनं दिलेले जागतिक अंदाज समोर होते: अशा मांसामुळे वर्षाला कर्करोगाचे सुमारे ३४,००० मृत्यू, तंबाखूमुळे सुमारे दहा लाख. त्या आठवड्यात एक गृहस्थ मला म्हणाले, "सगळंच सारखं घातक असेल तर सिगारेट तरी कशाला सोडू?" त्यांच्या फुप्फुसांचा रिपोर्ट तेव्हा माझ्या हातात होता.

तिसरी तक्रार प्रसिद्धिपत्रकांची. मला आलेल्या उत्तरात प्रसिद्धिपत्रक हीच ढाल होती, म्हणून सांगते. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली. प्राण्यांवरच्या संशोधनाबाबतच्या पत्रकांपैकी ३६ टक्के पत्रकांत माणसांबद्दल वाजवीपेक्षा जास्त दावे होते. पत्रकात अतिशयोक्ती असली की बातम्यांपैकी ८६ टक्क्यांत ती उतरत होती. पत्रक संयमी असलं तर हेच प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे फुगवाफुगवी बऱ्याचदा विद्यापीठाच्या दारातच होते, हे मला मान्य आहे. संशोधक, रुग्णालयं, औषध कंपन्या यांनाही वेगळं पत्र लिहायला हवं. पण आत काय शिरू द्यायचं हे बघण्यासाठी तुम्ही दारात उभे आहात. रुग्णालयात कंपनीच्या माहितीपत्रकावर विसंबून कुणी औषध दिलं आणि काही बिघडलं, तर "पत्रकात तसंच लिहिलं होतं" हे आमचं उत्तर कुणी ऐकून घेईल का? त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अतिशयोक्ती केल्यामुळे बातम्या जास्त छापून आल्या, याचा फारसा पुरावा त्यांना सापडला नाही. संयमानं लिहिलं तर कुणी वाचणार नाही ही तुमच्या डेस्कवरची भीती किती खरी आहे, ते एकदा तपासून बघा.

२०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं चॉकलेटमुळे वजन लवकर उतरतं असं दाखवणारा अभ्यास मुद्दाम रचला. माणसं जेमतेम १५ आणि मोजलेल्या गोष्टी १८. एवढ्या थोड्या माणसांवर एवढं मोजलं की काहीतरी योगायोगानं जुळतंच. ती बातमी अनेक देशांत छापून आली आणि किती माणसांवर प्रयोग झाला हे बहुतेक ठिकाणी नव्हतंच. एक फोन, एक प्रश्न पुरला असता.

चौथी तक्रार 'मुळे' या शब्दाची. अमुक खाणाऱ्यांमध्ये तमुक आजार कमी आढळला, यावरून अमुक खाल्ल्यामुळे आजार टळतो असं तुम्ही लिहून मोकळे होता. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांमध्ये, ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन (भाज्या-फळांतलं एक रंगद्रव्य) जास्त आहे अशांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसायचा. सगळ्यांना वाटलं की मग त्याच्या गोळ्याच द्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,००० हून अधिक पुरुषांवर रीतसर चाचणी झाली आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या निम्म्या लोकांत ४७४ जणांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता, न घेणाऱ्या निम्म्यांत ४०२ जणांना. ज्या गोळीनं वाचवायचं तीच जास्त जणांना आजारी करत होती. भाज्या खाणारी माणसं आणखीही कितीतरी बाबतींत वेगळी असतात. व्यायाम करतात, सिगारेट कमी ओढतात, दुखलं-खुपलं की डॉक्टरकडे जातात. फायदा त्यातल्या कशाचा, हे नुसतं बघून कळत नाही. 'आढळले' आणि 'मुळे' या दोन शब्दांतलं हे अंतर तुमच्या प्रत्येक उपसंपादकाला शिकवलं गेलं पाहिजे.

पाचवी, भीतीच्या बातम्या. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळे मधुमेह होतो, अशी बातमी ठरावीक काळानं उगवते. थोडा धोका वाढतो हे खरं आहे. २५५ माणसांनी चार वर्षं या गोळ्या घेतल्या तर त्यांच्यात मधुमेहाचा एक जादा रुग्ण निघतो. ज्याला एकदा झटका येऊन गेलाय, त्याच्या दृष्टीनं गोळी सोडणं हे त्याहून कितीतरी मोठं संकट असतं. पण हा हिशेब बातमीत नसतो, आणि काका-मावशी गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून माझ्यापुढे आणून ठेवतात आणि म्हणतात, "बंद केल्या, पेपरात आलं होतं." डेन्मार्कमध्ये पावणेसात लाख लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टॅटिनविरुद्ध बातम्या आल्या की लवकर गोळ्या सोडणारे वाढत होते, आणि लवकर सोडणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके जास्त होते. हाही नुसत्या नोंदींवरचा अभ्यास आहे, तेव्हा इथे 'मुळे' हा शब्द मीही वापरत नाही. पण माझ्यासमोर जे बसतात त्यांच्याशी तो तंतोतंत जुळतो.

भीतीचं सर्वांत मोठं उदाहरण तुम्हाला माहीतच आहे. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा १२ मुलांवरचा निबंध आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची लस व स्वमग्नता यांचा संबंध जोडला गेला. बारा मुलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यावर वर्षानुवर्षं बातम्या चालल्या, आईबाप लशीला घाबरू लागले, गोवर परत आला. निबंध मागे घ्यायला २०१० उजाडलं. एक मात्र मोकळ्या मनानं सांगते, त्यातली लबाडी खणून काढली ती ब्रायन डीअर या बातमीदारानं. शोधनिबंधाची खरी तपासणी करण्याची ताकद तुमच्यात आहे, म्हणूनच तर हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

सहावी तक्रार थोडक्यात. 'लवकर तपासा, जीव वाचवा' हे प्रत्येक आजाराला लागू पडत नाही. दक्षिण कोरियात निरोगी लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. त्या कर्करोगानं मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. ज्यांना त्या बारीक गाठींचा कधीच त्रास झाला नसता, अशा हजारोंची ग्रंथी काढली गेली आणि त्यांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या. काही तपासण्या खरोखर जीव वाचवतात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ही त्यांतली एक. कुठली वाचवते आणि कुठली नाही, हे वाचकाला सांगा.

आता शेवटची तक्रार, आणि माझ्या मनात ती सर्वांत वर आहे. तुम्ही जे छापतच नाही त्याबद्दलची.

नवी गोळी, नवं यंत्र, पहिलीवहिली शस्त्रक्रिया याला पहिलं पान मिळतं. पण रुग्णालयात माणूस वाचतो की नाही हे बऱ्याचदा इतक्या साध्या गोष्टींवर ठरतं की त्यांची बातमी होऊ शकते असं कुणाला वाटतच नाही. अतिदक्षता विभागात मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालतात. त्या नळीवाटे जंतू रक्तात गेले तर माणूस हातचा जातो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांनी पाच गोष्टी काटेकोर पाळायचं ठरवलं. हात धुणं, नळी घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीनं झाकणं, कातडी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं पुसणं, जांघेतली शीर शक्यतो टाळणं, गरज संपली की नळी लगेच काढणं. दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) सरासरी ७.७ जंतुसंसर्ग होत होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. पाचांतली एकही गोष्ट नवी नव्हती. नवी होती ती शिस्त, आणि एखादी पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवण्याचा परिचारिकेला दिलेला अधिकार. डॉक्टरांचा हात हवेत असताना "सर, थांबा, चादर पूर्ण नाही" असं म्हणणं किती अवघड असतं, हे मला विचारा. पाठीशी नियम असेल तरच तोंडातून शब्द फुटतो.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी घ्या. रुग्ण कोण, कुठली बाजू, प्रतिजैविक दिलं का, शेवटी गॉज मोजले का, एवढंच मोठ्यानं वाचायचं. २००९ मध्ये आठ देशांतल्या आठ रुग्णालयांचे आकडे आले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १,००० मध्ये १५ वरून ८ वर. एखाद्या औषधानं हे केलं असतं तर तुमच्या पहिल्या पानावर आठवडाभर तेच राहिलं असतं.

आणि माणसं. एका परिचारिकेकडे किती रुग्ण? २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. शस्त्रक्रिया झालेले सव्वाचार लाख रुग्ण होते. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हाही 'कितीपैकी' न सांगणारा, सापेक्ष आकडा आहे, हेही मीच सांगते. मुळात मृत्यू होते शंभरात एक-दीड. पण रुग्णांची संख्या लाखांत असली की त्यातून खरी माणसं जातात. एका रात्री एवढे रुग्ण माझ्याकडे होते की एका म्हाताऱ्या आजींना पाणी हवं होतं हे मला दीड तासानं कळलं. घंटा त्यांच्या हातातून निसटून खाली पडली होती आणि आवाज द्यायची ताकद नव्हती. ओठ इतके सुकले होते की कापूस ओला करून लावावा लागला. त्या वाचल्या. कुठल्याच रजिस्टरमध्ये तो दीड तास लिहिलेला नाही. आरोग्यव्यवस्था म्हणजे काय हे मला विचाराल तर मी त्या खाली पडलेल्या घंटेकडे बोट दाखवीन. तुमची बातमी मात्र रुग्णालयात तोडफोड झाली किंवा कुणी मोठा माणूस दाखल झाला, तेव्हाच होते.

तेव्हा माझ्या मागण्या.

फायदा असो वा धोका, आकडा देताना 'कितीपैकी किती' आणि 'किती काळात' हे द्याच. नुसती टक्केवारी किंवा 'दुप्पट', 'निम्मा' असे शब्द मथळ्यात नकोत. प्रयोग कोणावर झाला हे मथळ्यात किंवा पहिल्या वाक्यात असू द्या, उर्वरित पानावर ढकलू नका. 'रामबाण', 'चमत्कार', 'क्रांतिकारी' हे शब्द आरोग्याच्या बातम्यांतून काढून टाका. त्यांच्यावाचून कुठलीही खरी बातमी अडणार नाही.

संशोधनाला पैसा कोणी दिला ते लिहा. संशोधनाशी संबंध नसलेल्या एका तरी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय बातमी सोडू नका. दुष्परिणाम आणि आधीपासून उपलब्ध असलेले उपचार यांचा उल्लेख करा. अमेरिकेत 'हेल्थ न्यूज रिव्ह्यू' या उपक्रमानं २००६ पासून दहा निकषांवर हजारो आरोग्य-बातम्या तपासल्या, आणि सर्वांत जास्त बातम्या खर्च, फायदा व तोटा सांगण्यातच कमी पडल्या. निधीअभावी ते रोजचं काम २०१८ च्या अखेरीस थांबलं. ते निकष मात्र आजही उपयोगी आहेत. तुमच्या डेस्कवर चिकटवून ठेवा.

औषधाविरुद्धची बातमी असेल तर 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका' हे वाक्य ठळक छापा. ही मागणी मी हात जोडून करते.

चूक झाली तर दुरुस्ती मूळ बातमीच्याच जागी आणि तेवढ्याच अक्षरात द्या. उंदरांवरच्या औषधाचं पुढे काय झालं हेही सांगा. ज्यांनी पहिली बातमी कापून ठेवली, ते दुसरीची वाट बघत असतात.

आणि महिन्यातून एकदा तरी व्यवस्थेची बातमी करा. तुमच्या भागातल्या रुग्णालयात परिचारिकेमागे रुग्ण किती, जंतुसंसर्गाचं प्रमाण किती, शस्त्रक्रियेची यादी खरोखर वाचली जाते की नुसती भरली जाते. हे आकडे मागा, दिले नाहीत तर दिले नाहीत असं छापा.

हे जमणार नाही असं म्हणू नका. आत्महत्यांच्या बातम्या कशा द्याव्यात याचे संकेत तुम्हीच पाळून दाखवले आहेत. व्हिएन्नामध्ये १९८७ मध्ये वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांची भडक वर्णनं थांबवली आणि त्यानंतर तिथल्या अशा घटना ठळकपणे घटल्या. शब्द बदलल्यानं कोणाच्या खपाचं नुकसान झालं असेल तर मला माहीत नाही. माणसं वाचली.

यापुढे नुसत्या टक्केवारीची बातमी दिसली की मी तुम्हाला पत्र पाठवणार आहे, प्रत्येक वेळी, एकच प्रश्न विचारणारं. माझ्यासोबत काम करणाऱ्या चौघींनीही पाठवायचं कबूल केलं आहे. तुमच्यापैकी कुणाला आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसायचं असेल तर रुग्णालयाची परवानगी काढायला मी मदत करीन. रुग्णांची नावं लिहायची नाहीत एवढीच अट.

ताईचं कात्रण माझ्याजवळ आहे. सातवं पानही मी आता त्याला टाचून ठेवलं आहे. ज्या संपादकांना हवं असेल त्यांना दोन्हींची प्रत पाठवते.

आपली वाचक,
एक परिचारिका